कॅबिनेट बदललं आणि आवाज गेला? आधी दोन जंपर शोधा

पीसीचा आवाज गेला म्हणून फॉरमॅट मारू देऊ नका. पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, गंजलेलं कॅबिनेट बदलून आणलं त्या दिवसापासून आवाज बंद, तेच स्पीकर मोबाइलला लावले की छान वाजतात, असं तुम्ही लिहिलंय. ड्रायव्हर गेला असता तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं असतं. ते नाही, आणि गाणं लावलं की प्लेअरचे सेकंद पुढे सरकतात. म्हणजे विंडोज आपलं काम करतंय, आवाज अडतोय तो मदरबोर्डावर. (व्हॉल्यूम कंट्रोल उघडून ‘वेव्ह’खालचं म्यूट तेवढं बघून घ्या. पुष्कळांची रड तिथेच संपते.)

त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर एसी-९७ पद्धतीचा साउंड असे. त्यात आवाज चिपमधून थेट मागच्या हिरव्या भोकात जात नाही. आधी पुढच्या हेडफोनच्या भोकाकडे जातो, तिथून वळसा घालून मागे येतो. पुढची वायर जोडलेली नसेल तर हा वळसा तुटू नये म्हणून बोर्डावर दोन जंपर (दोन पिना एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमुकल्या टोप्या) बसवलेले असतात. नवीन कॅबिनेटची वायर लावायला कोणीतरी ते काढले असणार, आणि वायर एकतर लावायची राहिली किंवा चुकीची लागली.

माझ्याकडे हेच झालं तेव्हा मी शहाण्यासारखा अख्खा रविवार एक्सपी टाकण्यात घालवला. जंपर बोर्डाच्या खोक्यात, स्क्रूच्या पिशवीत पडलेले होते!

पीसी बंद करून प्लग काढा. साउंडच्या भोकांच्या आसपास पिनांच्या पाच जोड्या दिसतील, त्यांतल्या एका जोडीत एक पिन नसते. त्या अर्धवट जोडीच्या लगेच अलीकडे एक आणि पलीकडे एक जोडी आहे, त्या दोन्हींवर एकेक जंपर आडवा बसवायचा. क्रमांकाने सांगायचं तर ५-६ आणि ९-१०. बोर्डाचं पुस्तक असेल तर ताडून बघा, कारण ४ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट असतात, तिथे अंदाजपंचे नको. जंपर नसतील तर बंद पडलेल्या सीडी ड्राइव्हच्या मागचा मास्टर-स्लेव्हचा जंपर चालतो. दुसरा आणखी कुठल्यातरी भंगारातून काढावा लागेल.

पुढचं भोक हवंच असेल तर जंपर न लावता वायर लावा. कॅबिनेटच्या वायरीला बहुधा दोन तोंडं असतात, त्यांतलं एसी-९७ लिहिलेलं घ्या. एचडी ऑडिओवालं (ते नंतरच्या पद्धतीच्या साउंडसाठी) लावलंत तर मागचे स्पीकर मुकेच राहतील.

एवढं करूनही शांतताच असेल, तर मात्र चिप गेली असं समजा आणि साधं यूएसबी साउंड कार्ड लावून मोकळे व्हा. एक्सपी ते सहसा आपणहून ओळखतं.