मेस्कलिन म्हणजे काय? त्याचे परिणाम आणि इतिहास काय आहे?

मेस्कलिन हे पेयोटे नावाच्या बुटक्या, बिनकाट्याच्या निवडुंगात आढळणारे भ्रमजनक अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारे नत्रयुक्त रसायन) असून, हा निवडुंग उत्तर मेक्सिको व दक्षिण टेक्सासच्या रखरखीत भागात उगवतो. त्याचा बटणासारखा माथा वाळवून चघळतात; चव अतिशय कडू असते आणि सुरुवातीला मळमळ, अनेकदा उलटीही होते. पुढे मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर (ते रसायन स्वीकारणाऱ्या पेशींवरील रेणूंवर) परिणाम होऊन रंग प्रखर भासतात, मिटल्या डोळ्यांपुढे नक्षी हलू लागते, वेळेचे भान सुटते आणि हा अंमल दहा-बारा तास टिकतो. काहींना तीव्र भीती ग्रासते.

जर्मन शास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये निवडुंगातील अल्कलॉइडे स्वतःवर आजमावून भास मेस्कलिनमुळेच होतात हे दाखवले. १९१९ मध्ये अर्न्स्ट श्पेथ यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. मात्र खरा इतिहास त्याहून फार जुना आहे. मेक्सिकोतील हुइचोल लोक पेयोटेसाठी आजही विरिकुताच्या वाळवंटाची यात्रा करतात आणि मूळ जमिनीत राखून वरचा भागच कापतात, म्हणजे तो पुन्हा फुटतो. रानात हा निवडुंग वाढायला दहा वर्षांहून अधिक काळ लागत असल्याने, निव्वळ कुतूहलापोटी होणारी त्याची तोड मला त्या लोकांवरचा अन्याय वाटतो. भारतात मेस्कलिन बाळगणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.