वाचताना कळतं, सोडवताना सुचत नाही

प्रश्न : बाई, मी बारावीत आहे. दहावीपर्यंत गणित माझा आवडीचा विषय होता. आताही सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा सगळं कळतं, घरी सोडवलेली उदाहरणं वाचताना कुठे अडत नाही. पण पेपर हातात आला की पहिली ओळच सुचत नाही. गेल्या चाचणीत १०० पैकी ४१ पडले. रोज दोन तास गणिताला देते. वेळ अजून वाढवू का? परीक्षेला पाच महिने उरलेत.
– बारावीतली एक विद्यार्थिनी

उत्तर : वेळ वाढवू नकोस गं. दोन तास भरपूर झाले. तुझ्या पत्रातल्या 'वाचताना कुठे अडत नाही' या वाक्यावर मात्र माझं बोट थांबलं. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते, कारण पुढची ओळ डोळ्यांसमोर छापलेली असते. ती ओळ शोधायची वेळ तुझ्यावर कधी येतच नाही, आणि पेपरात नेमकं तेवढंच काम असतं.

म्हणून उदाहरण एकदा वाच, पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर ते पहिल्यापासून सोडव. अडलीस तरी दहा मिनिटं पुस्तक उघडायचं नाही. दिलंय काय, विचारलंय काय, ते लिही. आलेख काढून बघ. एखादी सोपी संख्या घालून बघ. तरीही सुटलं नाही तर एकच ओळ बघ आणि पुन्हा मिट. तेच गणित तीन दिवसांनी न बघता परत कर. पहिला आठवडा फार जड जाईल. तासाभरात तीनच गणितं होतील आणि मागे पडल्यासारखं वाटेल. वाटू दे.

आता सुचण्याबद्दल. इंटिग्रेशनची ही तीन गणितं शेजारी शेजारी लिहून घे :
१ / (क्ष² + १)
क्ष / (क्ष² + १)
क्ष² / (क्ष² + १)
छेद तिन्हींत एकच, पण वाटा तीन. पहिलं सरळ सूत्राचं, उत्तर टॅन इन्व्हर्स क्ष. दुसऱ्यात छेदाचं डेरिव्हेटिव्ह २क्ष, आणि वर क्ष आयता बसलाय, म्हणून सब्स्टिट्यूशन. उत्तर अर्धा लॉग (क्ष² + १). तिसऱ्यात अंश आणि छेद एकाच घाताचे, तेव्हा आधी भागाकार : १ वजा १ / (क्ष² + १), म्हणून क्ष वजा टॅन इन्व्हर्स क्ष. तिन्हींना शेवटी अधिक सी लागतोच. ही तिन्ही उत्तरं तुला बहुतेक येत असतील. मला तुझ्याकडून हवंय ते 'याला हीच रीत का' हे एक वाक्य, पेन टेकवण्याआधी.

प्रकरणामागच्या स्वाध्यायात हा सराव होत नाही, कारण कोणती रीत लावायची ते मथळाच सांगून टाकतो. आठवड्यातून दोनदा पाच वेगवेगळ्या प्रकरणांतली दहा गणितं चिठ्ठ्या टाकून निवड. चार-पाच वेळा तर नुसती रीत ठरव, सोडवूही नकोस.

चुकांचं एक सांगते. शाळेच्या शेवटच्या वर्षी मी साइन २क्ष = साइन क्ष हे समीकरण ० ते २ पाय (π) या मर्यादेत सोडवलं होतं. डावीकडे २ साइन क्ष कॉस क्ष लिहिलं, दोन्ही बाजूंना साइन क्ष ने भागलं, आणि कॉस क्ष = १/२ वरून पाय/३ आणि ५पाय/३ अशी दोन उत्तरं काढली. पण साइन क्ष शून्य असू शकतो. भागताना ०, पाय आणि २ पाय ही तीन उत्तरं मीच पुसून टाकली होती. घाईत झालं म्हणून सोडून दिलं, आणि पुढच्याच चाचणीत क्ष² = ३क्ष मध्ये पुन्हा तेच केलं. त्यानंतर वेगळी वही घातली : डाव्या पानावर चुकलेली ओळ जशीच्या तशी, उजवीकडे ती का चुकली ते. 'सिली मिस्टेक' हा शब्द त्या वहीत लिहायचा नाही. त्याने कारण झाकलं जातं.

तर ४१ मार्कांचा तो पेपर काढ. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे खूण कर : रीत सुचली नाही, की सुचली पण अपूर्णांक, घातांक, अवयव यांत घसरलीस, की व्याख्याच आठवेना. दुसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त निघाल्या तर दोन आठवडे नववी-दहावीची बीजगणिताची पुस्तकं घेऊन बस. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं कॅल्क्युलस बीजगणितातच अडलेलं असायचं.

महिन्याभराने मला परत लिही. मार्क नको कळवूस, वहीच्या पहिल्या तीन पानांवर काय निघालं ते कळव.