येशूवरचा सिनेमा पाहून जागी झालेली श्रद्धा टिकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जन्माने कॅथलिक, नोकरी पुण्यात, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणं कधीचंच सुटलेलं. गुड फ्रायडेला घरी एकट्याने ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ पाहिला, ढसाढसा रडलात, आता सगळं बदलायचं असं ठरवलंत आणि सोमवारी ऑफिसात बसेपर्यंत ते ओसरलं. मग ते रडणं खोटं होतं का?

खोटं कशाला असेल? पण रडू कशाचं आलं, ते बघा. मेल गिब्सनचा 2004 सालचा हा सिनेमा येशूच्या अखेरच्या बारा तासांवर आहे आणि त्यातला मोठा भाग नुसता मार आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या चार येशूचरित्रांपैकी एकात, फटक्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकलाय (15:15). पडद्यावर चाबूक थांबतच नाही. एवढं रक्त पाहिल्यावर कुणालाही रडू येईल, समोर कोण मार खातोय हे ठाऊक नसलं तरी. आमच्या वसईत उपवासकाळात हा सिनेमा बघणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे हे बोललं की घरी माझ्याकडे डोळे वटारले जातात. पण त्यातला एक क्षण मीही मानते. क्रूस घेऊन पडलेल्या येशूकडे त्याची आई मरिया धावते आणि तो तिला म्हणतो, पाहा, मी सर्व काही नवीन करतो. शुभवर्तमानांत हे वाक्य त्या जागी कुठेच नाही. ते प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायातलं आहे. गिब्सनने ते रक्तामातीत आणून ठेवलं, आणि तिथे ते शोभतं.

आता ओसरण्याबद्दल. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक स्पॅनिश सरदार घरी पडून होता. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा हातात आल्या. त्याच्या लक्षात एक गंमत आली. दरबार, लढाया, एक मोठ्या घरची स्त्री यांची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचं मनात आणलं की तो आनंद विचार संपल्यावरही मागे राहायचा. हाच पुढे संत इग्नेशियस लोयोला, येशूसंघाचा, म्हणजे जेझुइट संन्याशांच्या संघाचा, संस्थापक. भावना किती जोरात आली याला त्याने फार किंमत दिली नाही, ती गेल्यावर मनात काय राहतं याला दिली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात येशूच्या आयुष्यातला प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायला सांगितलंय, जागा, माणसं, आवाज, सगळं. एका परीने सिनेमाच तो, फक्त तिथे तुम्हाला प्रेक्षक म्हणून बसू देत नाहीत. येशूशी बोलावं लागतं.

म्हणून मी तुम्हाला विचारेन: त्या तीन दिवसांनंतर काहीच उरलं नाही? तुम्ही इथे प्रश्न टाकलात, म्हणजे काहीतरी खुपतंय.

माझ्यापुरतं सांगायचं तर येशू पडद्यावर नसलेल्या सिनेमाने मला जास्त हलवलं. ‘ऑफ गॉड्स अँड मेन’, 2010चा, फ्रेंच. अल्जीरियात ॲटलास पर्वतात तिबहिरीन नावाचं गाव, तिथला ट्रॅपिस्ट या कडक नियमांच्या कॅथलिक संन्याशांचा मठ, भोवती मुसलमान शेजारी. यादवी पेटलेली. जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न, आणि पहिल्या बैठकीत काही जण सरळ म्हणतात की जाऊ या. म्हातारे ब्रदर ल्यूक गावकऱ्यांना फुकट औषधं देत राहतात. एक तरुण संन्यासी रात्री खोलीत देवाला आर्जवं करतो, भिंतीपलीकडच्यांना ते ऐकू जातं. कुणी संन्यासी म्हणतो, आम्ही फांदीवरचे पक्षी. गावातली बाई उत्तर देते, पक्षी आम्ही, फांदी तुम्ही. मधल्या वेळात लाकडं फोडणं, भांडी, मध आणि दिवसातून पुन्हा पुन्हा स्तोत्रं. हे खरं घडलेलं आहे. 1996च्या मार्चमध्ये सात जणांना पळवून नेलं आणि पुढे मारलं. कुणी मारलं, हा वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबर 2018मध्ये अल्जीरियातल्याच ओरान शहरात त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

हा सिनेमा पाहून मी रडले नाही. झोपण्यापूर्वी एक स्तोत्र म्हणायला लागले, एवढंच झालं. कंटाळा आलेल्या रात्रीही म्हणते. त्या संन्याशांनाही येत असेलच की कंटाळा!

आणि सिनेमाने काही होतच नाही असं समजू नका. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र पाहिलं तेव्हा त्यांना कृष्ण आणि राम दिसू लागले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण कामाला लागले, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दिवसच्या दिवस कॅमेऱ्याशी झटण्याइतकं त्यांच्यात त्या खेळातून उरलं होतं.

तुम्ही लगेच दुसरा येशूपट लावू नका. मार्कचे 14 आणि 15 हे दोन अध्याय मोठ्याने वाचा, एका बैठकीत होतात. शिष्य पेत्र येशूला ओळखतच नाही म्हणतो तिथे थांबावंसं वाटलं तर थांबा. मिस्सेला जायचं तर रविवारची गर्दीची नको, आधी आठवड्यातली सकाळची, बिनगाण्याची गाठा. ती लवकर आटोपते, ऑफिसही चुकत नाही. कुमसार, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, करायची भीती वाटत असेल तर फादरना तसंच सांगा, खूप वर्षांनी आलोय, सुरुवात कशी करायची ते आठवत नाही. ते सांगतात. तिबहिरीनचा सिनेमा त्यानंतर कधीतरी, घाई नाही.