न्यू कॅलेडोनियाने तीनदा स्वातंत्र्य नाकारलं, मग २०२४ ला दंगल कशासाठी?

न्यू कॅलेडोनिया म्हणजे पॅसिफिक महासागरातलं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट. तुम्ही लिहिलंय 'न्यू कॅलेडोनियाने नाकारलं', गोम तिथेच आहे. नाकारलं कोणी? तिथलं अख्खं भांडण मतदारयादीत कोणाचं नाव येणार यावर आहे.

फ्रान्सने हे बेट १८५३ ला घेतलं, १८६४ पासून तिथे कैदी पाठवायला लागले, आपलं अंदमान आठवा, आणि सुटलेल्या कैद्यांना जमिनी दिल्या त्या अर्थातच कनाक लोकांच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या. १८७८ ला अताई नावाच्या सरदाराने उठाव केला तर त्याचं मुंडकं पॅरिसला नेलं, ते परत मिळायला २०१४ उजाडलं! १८८७ ते १९४६ कनाकांना कायदाच वेगळा, सक्तीची मजुरी काय, फिरायला परवानगी काय.

मग तिथल्या निकेल धातूच्या खाणींना तेजी आली. १९७२ ला पंतप्रधान पिएर मेसमेर यांनी पत्रात सरळ लिहिलं की फ्रान्समधून आणि इतर फ्रेंच बेटांवरून लोक नेऊन वसवा, म्हणजे स्वातंत्र्याची मागणी टळेल. लपवाछपवी पण नाही हो! आज कनाक ४० टक्क्यांच्या आसपास आहेत, आपल्याच बेटावर.

८० च्या दशकात हे पेटलं, १९८८ ला उवेआ बेटावर ओलीस सोडवताना १९ कनाक आणि २ सैनिक मेले, मग करार झाला, १९९८ ला नूमेआचा (ही तिथली राजधानी) दुसरा करार. त्यात स्वातंत्र्यावर सार्वमत ठरलं आणि नंतर आलेल्यांना स्थानिक निवडणुकीत मत नाही असंही ठरलं, २००७ ला तर यादी गोठवलीच, म्हणजे नंतर आलेल्यांची नावं त्यात कधीच येणार नाहीत.

सार्वमतं बघा: २०१८ ला 'स्वातंत्र्य नको' ५६.७ टक्के, २०२० ला ५३.३, म्हणजे फरक घटत चाललेला. तिसरं डिसेंबर २०२१ ला. कोविडने बरेच कनाक गेले होते, घराघरात सुतक, ते म्हणाले पुढे ढकला, पॅरिसने ऐकलं नाही, मग त्यांनी बहिष्कार टाकला. 'नको' ९६.५ टक्के, पण मतदान जेमतेम ४४ टक्के. याला कौल म्हणायचं का तुम्हीच सांगा. (सगळेच कनाक स्वातंत्र्यवाले नाहीत हेही खरं, पण बहुतेक आहेत.)

आणि २०२४ ला पॅरिसने १० वर्षं राहिलेल्यांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायचं विधेयक आणलं, म्हणजे १९७२ चंच पत्र परत आलं असं कनाकांना वाटलं. नूमेआ जळालं, १४ जण गेले, आणि विधेयक शेवटी गुंडाळावं लागलं.