बँकेला अनिवासी, आयकराला रहिवासी

सांगली-साताऱ्यातून परदेशी गेलेल्या मुलांच्या घरून येणाऱ्या पत्रांत एक गोंधळ हमखास असतो. नागरिकत्व, व्हिसा, बँकेच्या लेखी असलेला रहिवास आणि आयकराच्या लेखी असलेला रहिवास या चारही गोष्टी एकच धरल्या जातात. प्रत्येकीचा कायदा वेगळा आणि तारीखही वेगळी. या वेळी पाच पत्रांना उत्तरं देतो.

मुलगा १० नोव्हेंबरला नोकरीसाठी जर्मनीला गेला. इथलं त्याचं बचत खातं तसंच चालू आहे. तो एनआरआय झाला, म्हणून आता इथे विवरणपत्र भरायची गरज नाही, असं ओळखीच्यांनी सांगितलं. बरोबर आहे का? — एक वडील, मिरज

अर्धं बरोबर आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने नोकरीसाठी देश सोडला त्या दिवसापासून तो अनिवासी झाला. त्यामुळे साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्या. तिकडून पगार पाठवणार असेल तर एनआरई खातं वेगळं उघडा. त्यातले पैसे कधीही परत नेता येतात आणि त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे.

आयकर मात्र दिवस मोजतो. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकासाठी त्या आर्थिक वर्षातले १८२ दिवस ही रेघ आहे. १ एप्रिल ते १० नोव्हेंबर म्हणजे २२४ दिवस तो इथेच होता. म्हणून या वर्षापुरता तो आयकराच्या लेखी रहिवासीच आहे. नोव्हेंबर ते मार्च हा जर्मनीतला पगार इथल्या विवरणपत्रात दाखवायचा, तिकडे कापलेल्या कराची सवलत दोन देशांतल्या करारानुसार मागायची आणि त्यासाठीचा वेगळा फॉर्मही भरायचा. तिथे उघडलेलं पगाराचं खातंसुद्धा परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहायचं. ते राहून गेलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या रकमांना त्यातून सूट असली तरी तक्ता कोरा ठेवू नका.

तुमच्या घरातून आणखी कोणी निघणार असेल तर सांगून ठेवतो: २८ सप्टेंबरपर्यंत निघालेल्या माणसाचे १८१ दिवस भरतात. त्यानंतर एक दिवस थांबला तरी तो रहिवासी. हे जायच्या आधी कोणी सांगत नाही, याची मला खरोखर चुटपुट लागते.

आम्ही अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. तासगाव तालुक्यात नवऱ्याच्या नावावर चार एकर द्राक्षबाग आहे, दीर करतात. बेदाण्याचे पैसे एनआरओ खात्यात येतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आम्ही ते तिकडे कधीच दाखवलं नाही. — न्यू जर्सीहून

ताई, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे ते भारतात. अमेरिका तिच्या कर-रहिवाशांवर जगभरच्या उत्पन्नाचा कर लावते आणि एच-१बी वर वर्षभर तिथे राहणारा माणूस त्यात येतोच. इथे कर भरलेलाच नसल्याने तिकडच्या करातून त्याची वजावट मिळण्याचाही प्रश्न येत नाही. एनआरई ठेवींच्या व्याजाचंही तेच: इथे माफ, तिथे करपात्र.

पण कर भरायचा तो निव्वळ उत्पन्नावर, आणि तासगावकडच्या बागेचा खर्च मी तुम्हाला सांगायला नको. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, औषधं, डिपिंग, मजुरी, शेडचं आणि शीतगृहाचं भाडं हे सगळं वजा होतं, फक्त कागद हवा. माझ्याकडे अशाच एका कुटुंबाची वही आली होती. औषधाच्या दुकानाची बिलं नीट टाचलेली, मजुरीचा मात्र दर शनिवारी पेन्सिलीने लिहिलेला एकच आकडा. तोही उपयोगी पडला, कारण त्यापुढे तारीख होती. दिरांना सांगा, अडत्याची प्रत्येक पट्टी फोटो काढून पाठवा. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. मार्चमध्ये तयार झालेला बेदाणा शीतगृहात पडून पुढच्या जानेवारीत सौद्यात गेला, तर पैसे पुढच्या वर्षात धरले जातात.

दुसरी गोष्ट खात्यांची. अमेरिकेबाहेरची सगळी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार हा अहवाल द्यावा लागतो. मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढून १५ ऑक्टोबर. सासऱ्यांच्या खात्यावर सोय म्हणून नवऱ्याचं नाव जोडलेलं असेल तर तेही त्यात येतं, एक पैसा त्याचा नसला तरी. मागच्या वर्षांची चूक नोटीस यायच्या आधी आपणहून दुरुस्त करा. त्यासाठी तिथला सनदी लेखापाल गाठा, मीही नाही आणि शेजारचे मित्रही नाहीत.

दुबईत बारा वर्षं झाली. आटपाडीजवळ दोन एकर घ्यायचं आहे. — विटा

घेता येणार नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्महाऊस, मळे विकत घेण्याची परवानगी नाही. वारसाने आलेली किंवा परदेशी जाण्याआधी घेतलेली जमीन ठेवता येते, विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट घ्या, त्याला अडचण नाही. पैसे तुमचे आणि सातबारा भावाच्या नावावर, असा मार्ग कोणी सुचवला तर तो बेनामी कायद्याच्या तोंडाशी नेणारा आहे. तो व्यवहार करू नका.

मुलाचा अमेरिकेचा व्हिसा तीन वर्षांचा आहे. पासपोर्ट पुढच्या मार्चमध्ये संपतो. तिकडे गेल्यावर नवा काढला तर चालेल? — सातारा

निघण्याआधीच काढा. व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावर मिळणाऱ्या आय-९४ नोंदीवर ठरतं, आणि पासपोर्ट आधी संपत असेल तर अधिकारी बऱ्याचदा त्याच तारखेपर्यंतची मुदत घालतात. मंजुरीच्या कागदावर तीन वर्षं लिहिलेली असल्याने मुलं निर्धास्त राहतात आणि मार्च उलटतो. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर आय-९४ काढून तारीख वाचायला सांगा.

मुलीच्या पासपोर्टवर जन्मस्थळ कराड आहे, जन्मदाखला पलूसचा. माझं नाव एका कागदावर बाळासो, दुसऱ्यावर बाळासाहेब. तिला शिक्षणासाठी बाहेर पाठवायचंय. आता काही करू का? — कराड

करा, आत्ताच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, नोंद माहेरच्या गावी होते, आणि पुढे शाळेत वडिलांचं गाव लागतं. आपल्याकडच्या निम्म्या घरांत हे असंच आहे. शिक्षणाच्या व्हिसाला बहुधा अडणार नाही. पण पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करताना पासपोर्ट आणि जन्मदाखला शेजारी ठेवले जातात, आणि तेव्हा कराडचा माणूस पलूसला खेटे घालतो.

मूळ कागद जन्मदाखला, म्हणून पासपोर्ट त्याला जुळवायचा. पलूसच्या निबंधकाकडून मराठी-इंग्रजी दोन्हीतला ताजा दाखला काढा. त्यात तुमचं नाव ‘बाळासो’ असेल तर दुरुस्ती तिथेच मागता येते, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये तशी सोय आहे. शाळा सोडल्याचा तुमचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत न्या. मग तुमचं आधार आणि पॅन, शेवटी मुलीचा पासपोर्ट, हाच क्रम ठेवा. नवा दाखला हातात पडल्यावर खिडकीवरून हलण्याआधी इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर मुलीकडून वाचून घ्या.