लाकडी घरांची जुनी किनारी गावं पुरातत्त्वज्ञांना सापडतात तरी कशी?

लाकूड बहुतेक कुजून जातं, उरतात शिंपल्यांचे ढीग आणि हाडं. पण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं माका या मूळनिवासी लोकांचं ओझेट गाव बघा. काही शतकांपूर्वी डोंगराचा चिखल घरांवर कोसळला. त्या ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून टोपल्या, दोरसुद्धा टिकले. १९७० मध्ये वादळी लाटांनी किनारा खचला आणि वस्तू उघड्या पडल्या. मऊ झालेल्या लाकडाला फावडं लागू नये म्हणून पाण्याच्या नळीने हळूहळू चिखल धुतला! ११ वर्षांत ५५,००० हून जास्त वस्तू निघाल्या. मला सगळ्यात भिडते ती देवमाशाच्या पाठीवरच्या पराची लाकडी प्रतिकृती, समुद्री पाणमांजराचे ७०० वर दात जडवलेली. हा ठेवा निआ बे इथल्या माकांच्याच संग्रहालयात आहे, याचा फार आनंद वाटतो.