उचल, खाडा आणि मनावरचे ओझे

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि स्वास्थ्य

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. लिहिणारे नाशिक परिसरातल्या वेगवेगळ्या ठिकाणचे असले, तरी पगार आणि मन यांचे हिशेब वेगळे ठेवता येत नाहीत, हे चारही पत्रांतून दिसते. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळतो. कामगारांवरील ताण कमी व्हावा म्हणून आम्ही योगवर्ग घेतले, एका वक्त्यांचे भाषण ठेवले, कॅन्टीनमध्ये सुविचारांचे फलक लावले. तरीही महिन्याच्या उत्तरार्धात खाडे वाढतात, रिजेक्शन, म्हणजे सदोष ठरणारा माल, वाढते आणि उचलीसाठी, म्हणजे पगारातली आगाऊ रक्कम मागायला, टाइम ऑफिसपुढे रांग लागते. एवढा खर्च करून उपयोग काय झाला, असे व्यवस्थापन विचारते. आमचे कुठे चुकते आहे?

उत्तर : खाडे आणि उचल दोन्ही महिन्याच्या उत्तरार्धात वाढतात, ही आपण नोंदवलेली बाब फार बोलकी आहे. ताण केवळ कामाचा, पाळ्यांचा किंवा साहेबांच्या बोलण्याचा असता, तर तो तारीख पाहून चढला-उतरला नसता. तेव्हा पहिले काम म्हणून गेल्या सहा महिन्यांचे हजेरीपत्रक आणि उचलीची वही शेजारीशेजारी ठेवून पाहावी. नावे झाकून, केवळ विभाग आणि तारखा. माझा अनुभव असा आहे की दोन्हीकडे बहुधा तीच माणसे सापडतात, आणि ती कामचुकार तर नसतातच, उलट ओव्हरटाइमला सर्वांत आधी हात वर करणारी असतात.

एक पगारपत्रक नमुन्यादाखल घेऊ. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आणि इतर भत्ते ५,००० रुपये, असे एकूण २०,००० रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्क्यांनी १,८०० रुपये, राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्क्याने १५० रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. यांपैकी पहिल्या दोन रकमा पुढे कामगाराच्याच कामी येतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या खाली पतपेढीचा हप्ता ६,४०० रुपये, मागील उचलीची वसुली ३,००० रुपये आणि कॅन्टीनचे ४५० रुपये अशा ओळी येतात, आणि हातात पडतात ८,००० रुपये. सिडकोतल्या खोलीचे भाडे त्यातून वजा केल्यावर पंधरा तारखेनंतरची उचल ठरलेलीच आहे. अशा माणसाला अनुलोम-विलोम शिकवण्यात गैर काही नाही, परंतु डोळे मिटल्यावर त्याला किराणा दुकानातल्या वहीवरचा आकडा दिसत असतो.

वेतन संहिता, २०१९ मध्ये एकूण कपातीची मर्यादा वेतनाच्या ५० टक्के ठेवली आहे. वरच्या नमुन्यात कपात ६० टक्क्यांवर गेली आहे. पतपेढीची कपात सभासदाच्या लेखी संमतीने होत असल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही. पण आपण पतपेढीच्या संचालकांबरोबर बसून हप्त्यांची मुदत वाढवून घेऊ शकता, कारण ते संचालक बहुतेक वेळा आपल्याच कारखान्यातले असतात. याच बैठकीत जामीनदारांचाही विषय काढावा. एकाच लाइनवरची माणसे एकमेकांना जामीन राहिलेली असतात, आणि एकाचा हप्ता थकला की शेजारच्या मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या पगाराला कात्री लागते. दोघांचे बोलणे बंद होते, आणि सुपरवायझर वरिष्ठांना कळवतो की या लाइनवर ‘टीमवर्क’ नाही.

उचल मागण्याची पद्धत हा मला याहूनही गंभीर विषय वाटतो. पुष्कळ ठिकाणी कामगाराला आधी फोरमनपुढे, मग टाइम ऑफिसच्या खिडकीशी, मग साहेबांच्या केबिनमध्ये तेच रडगाणे सांगावे लागते आणि रांगेतले इतर ते ऐकत असतात. जो तीनदा हात पसरून तीनदा मान खाली घालतो, तो चौथ्यांदा कंपनीकडे येतच नाही. तो मोबाइलवरच्या कर्जाकडे किंवा खासगी सावकाराकडे जातो. यासाठी लेखी नियम करावा : ठरावीक रकमेपर्यंतची उचल कारण न विचारता, बिनव्याजी, अर्ज केल्यापासून दोन दिवसांत आणि चार-सहा हप्त्यांत फेडीची, अर्ज एकाच व्यक्तीकडे, बंद पाकिटात. सर्व उचल पुढच्याच पगारातून एकरकमी कापण्याची प्रथा आधी बंद करावी, कारण पुढच्या उचलीची पेरणी तीच करते.

पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत झालाच पाहिजे, हा कायदा आहे. पण कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तो कितपत पाळला जातो, हे आपण स्वतः कंत्राटदाराच्या नोंदी मागवून पाहावे. पगारपत्रक मराठीत द्यावे. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळाला, तर तो वेगळ्या ओळीत दिसू द्यावा. पाळ्यांचे वेळापत्रक निदान पंधरवडाभर आधी लावावे, कारण तिसरी पाळी संपवून घरी गेलेल्या माणसाला दुपारी फोन करून पुन्हा बोलावले, तर त्याच्या झोपेबरोबर घरातली शांतताही मोडते.

नाशिकपुरती आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या कामगारांपैकी अनेकांचे घर अजून निफाड, चांदवड, दिंडोरीच्या शेतावर अवलंबून आहे, आणि पगारातला काही भाग तिकडे जातो. लासलगावला कांद्याचा भाव पडला, द्राक्षांवर अवकाळी पाऊस झाला, की त्याचे पडसाद काही आठवड्यांत आपल्या उचलीच्या वहीत उमटतात. जूनमधील शाळा, दिवाळी आणि हे हंगाम ध्यानात घेऊन उचलीची तरतूद आधीच केली, तर ऐन वेळची ओढाताण टळते.

एवढे झाल्यावर समुपदेशक जरूर नेमावा. मात्र तो बाहेरचा असावा आणि त्याच्याकडून व्यवस्थापनाला नावांसह कोणताही अहवाल जाणार नाही, हे कामगारांच्या प्रतिनिधींसमोर लेखी द्यावे. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कॅन्टीनच्या भिंतीवर न लावता प्रत्येक लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. चारचौघांच्या देखत तो क्रमांक उतरवून घेणारा कामगार मला अजून भेटायचा आहे.

प्रश्न : माझे पती अंबड येथे मशीन ऑपरेटर आहेत. मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनी मोबाइलवरील ॲपवरून कर्ज घेतले आणि एकाचे फेडायला दुसऱ्याचे घेतले. आता वसुलीवाले रात्री-अपरात्री फोन करतात. माझ्या भावाला आणि यांच्या सुपरवायझरलाही फोन गेले. हे जेवत नाहीत, झोपत नाहीत, ‘मी नसतो तर तुम्ही सुटला असता’ असे म्हणतात. कंपनीत सांगितले तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, पैशांचा विचार आज बाजूला ठेवावा. आपले पती जे बोलत आहेत, ते रागातले किंवा सहज आलेले वाक्य समजू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे त्यांना शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत खरी नाही, उलट बोलता आल्याने माणूस थोडा मोकळा होतो. त्यांना एकटे ठेवू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे, आणि तेथे आपण स्वतःही फोन करून सल्ला घेऊ शकता. जिल्हा शासकीय रुग्णालयात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जावे. धोका जवळचा वाटला, तर वेळ न पाहता थेट अपघात विभागात न्यावे किंवा ११२ वर फोन करावा.

त्यानंतर कर्जाकडे वळावे. बँका, वित्तसंस्था आणि त्यांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. डिजिटल कर्जाविषयीचे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात की कर्जामागची वित्तसंस्था आणि वार्षिक व्याजदर कर्जदाराला आधीच कळवला पाहिजे. म्हणून प्रत्येक ॲपमागे नोंदणीकृत वित्तसंस्था आहे का, ते पाहावे. असेल, तर तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. नसेल, किंवा छायाचित्रे पसरवण्याची धमकी येत असेल, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. आलेले संदेश संतापाच्या भरात पुसून टाकू नयेत. पुरावा तोच आहे.

जुने फेडण्यासाठी नवे ॲप उघडायचे नाही, हा नियम घरात सर्वांनी मिळून करावा. घरातले थोडे सोने बँकेत तारण ठेवणे जिवावर येते, हे मला कळते, पण त्याचे व्याज या कर्जांच्या मानाने फारच कमी असते. विनापरवाना सावकाराच्या दारात मात्र जाऊ नये. तो व्यवहार आधीच झालेला असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

कंपनीत सांगावे का? सुपरवायझरला फोन गेला, म्हणजे गोष्ट लपलेली नाही. अर्धवट, ऐकीव माहिती फिरत राहण्यापेक्षा पतींच्या संमतीने, शक्य तर युनियनचा एखादा ज्येष्ठ माणूस बरोबर घेऊन, मनुष्यबळ अधिकाऱ्यांना भेटावे आणि दोनच गोष्टी मागाव्यात : उपचारासाठी रजा, आणि काही काळ रात्रपाळीतून सूट.

प्रश्न : सिन्नर येथे माझा फॅब्रिकेशनचा लहान कारखाना असून चौदा कामगार आहेत. मोठ्या कंपन्यांसारखे कल्याणाचे उपक्रम आम्हाला परवडत नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करावे?

उत्तर : आपल्याला वाटते त्यापेक्षा खर्च कमी आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला राज्य कामगार विमा लागू होतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के आहे आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्यात येतात. नोंदणी झाली असेल, तर कामगारांना हे माहीत आहे का, ते विचारून पाहावे की आवश्यक दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि तीव्र मानसिक आजार हा दीर्घ मुदतीच्या लाभासाठीच्या आजारांत धरलेला आहे. सातपूरचे कामगार विमा रुग्णालय केवळ हात कापल्यावर जाण्याची जागा नव्हे.

दुसरे, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आणि जीवन ज्योती योजनेचा ४३६ रुपये आहे. दोन्हींत प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण मिळते. वयाच्या अटीत बसणाऱ्या चौदाही जणांचे आपण भरले, तरी वर्षाला ६,३८४ रुपये होतात.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या झोपेची आहे. आपल्यासारख्या उद्योजकांचे पगार लांबतात, ते बहुधा मोठ्या ग्राहकाने बिल अडकवल्यामुळे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, अन्यथा रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि त्यासाठी अशा थकबाकीचे वाद हाताळणाऱ्या सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. ग्राहक तुटेल या भीतीने कोणी तिकडे जात नाही, हे खरे आहे. म्हणून निदान खरेदी आदेशावरच मुदत लिहून घ्यावी, आणि एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात हळूहळू साठवावी. त्या खात्यातून कच्चा माल घ्यायचा नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळील एका संगणक सेवा कंपनीत मी नोकरी करते. नैराश्यासाठी माझी औषधे चालू आहेत. हे कंपनीला कळवणे बंधनकारक आहे का? विम्यातून खर्च मिळतो का?

उत्तर : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला आपल्या आजाराविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा अधिकार दिला आहे, त्यामुळे रोजच्या नोकरीत निदान आपणहून जाहीर करण्याची गरज नाही. रजेच्या प्रमाणपत्रावर केवळ विश्रांतीची आवश्यकता आणि कालावधी लिहावा, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. विम्याचा नवीन अर्ज भरताना मात्र आजाराविषयीच्या प्रश्नाला खरेच उत्तर द्यावे, अन्यथा पुढे दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो. याच अधिनियमानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण दिले पाहिजे, त्यामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास दावा करता येतो. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे अनेक गट विमा पॉलिसींमध्ये धरलेली नसतात. पॉलिसीची संपूर्ण प्रत मागून घेऊन ते कलम आधी वाचावे, आणि प्रत मागताना कारण सांगण्याची आवश्यकता नाही.